‘बोर्ड गेला’ हे कशावरून?

सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक सुरू होत नाही, तेव्हा तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: ‘पंखा फिरतोय, पण डिस्प्ले येत नाही.’ तंत्रनिकेतनात मी हार्डवेअरची प्रात्यक्षिकं घेते, त्यामुळे ही तक्रार घरापर्यंतही येते. सोबत दुकानातला निकालही आलेला असतो: ‘बोर्ड गेलाय, नवा घ्या.’ हा निकाल ज्या सहजपणे दिला जातो, त्याला माझा आक्षेप आहे. पण त्याहून मोठा आक्षेप मदरबोर्ड बनवणाऱ्यांवर आहे, कारण तपासायचं साधनच त्यांनी काढून घेतलं आहे.

शेजारच्या मुलाचं उदाहरण सांगते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोसेसर दिवाळीत घेतला, ग्राफिक कार्ड सेकंडहँड मिळालं, बोर्डाचे पैसे आईने भिशीतून दिले. जोडणी त्याने स्वतः केली, नीट केली. बटण दाबलं की पंखे फिरत, दिवे लागत, पडदा काळा. दुकानात नेल्यावर पाच मिनिटांत निकाल लागला. ‘काकू, साडेसात हजारांचा बोर्ड आहे हो,’ एवढंच तो म्हणाला.

आम्ही सगळं सोडवलं. ग्राफिक कार्ड, डिस्क, दोन्ही रॅम बाहेर. बोर्डावर फक्त प्रोसेसर आणि त्याचा पंखा ठेवला. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या दोन जोडण्या पाहिल्या. २४ पिनांची सगळ्यांच्या लक्षात असते. कोपऱ्यातली ८ पिनांची, खास प्रोसेसरला वीज देणारी, पुष्कळांची राहून जाते आणि तरी पंखे फिरतात. त्याच्या दोन्ही बसलेल्या होत्या. मग माझ्या खणातला छोटा स्पीकर बोर्डावरच्या ४ पिनांवर लावला. शर्टाच्या बटणाएवढी काळी डबी आणि दोन वायरी, बस. बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळतो.

रॅम नसताना बटण दाबलं आणि बोर्ड ओरडायला लागला, लांब लांब, थांबेचना. मुलाचा चेहरा पडला. मला मात्र हायसं वाटलं. बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम प्रोसेसर चालवतो, तेव्हाच तो ‘रॅम नाही’ असं ओरडू शकतो. म्हणजे वीज पोहोचते आहे, प्रोसेसर चालतो आहे, ती चिपही चालते आहे. ज्या बोर्डाला मेलेला ठरवलं होतं, तो आपल्याला काय हवंय ते सांगत होता.

पुढे एकेकच भाग. एक रॅम घेतली, सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने पुसली, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत दाबली. ओरड तशीच. पुन्हा काढून दोन्ही टोकांना खट् आवाज येईपर्यंत दाबली, तेव्हा ओरड बदलली. आता एक लांब आणि मागोमाग काही आखूड, म्हणजे त्या बोर्डाच्या भाषेत ग्राफिक कार्डाची मागणी. कार्ड बसवलं. एकच छोटी ‘पीप’. सगळं ठीक आहे, असा तिचा अर्थ.

आणि पडदा तरीही काळा!

मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टमध्ये होती. त्याच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ आहे. इंटेलच्या या प्रकारात चित्र काढणारा भागच चालू नसतो. केबल कार्डाच्या पोर्टला लावली आणि डिस्प्ले आला. खरं तर रॅम नीट दाबणं आणि केबल बदलणं, दोन्ही त्याने आधी करून पाहिलं होतं, पण वेगवेगळ्या वेळी. एक बिघाड निघाला तरी दुसरा शिल्लक, त्यामुळे पडदा काळाच, आणि आपण केलेली दुरुस्ती चुकीची असं समजून तो पुन्हा मूळपदावर येत होता. दोन बिघाड एकत्र असले की हे असं होतं. कानांना आवाज मिळाला म्हणून ते वेगळे करता आले.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत हा स्पीकर मुळातच बसवलेला होता. सुरू होताना स्वतःची तपासणी करायची आणि सारं ठीक असेल तर एकदा पीप वाजवायची, ही पद्धत तेव्हापासूनची. आज बहुतेक बोर्डांवर त्या ४ पिना आहेत, पण खोक्यात स्पीकर नसतो आणि कॅबिनेटमध्येही नसतो. महागड्या बोर्डावर दोन अंकी आकडा दाखवणारी पट्टी मिळते, मधल्या किमतीत प्रोसेसर, रॅम, ग्राफिक, बूट असे चार दिवे मिळतात. स्वस्तातल्या पुष्कळ बोर्डांवर यातलं काहीच नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. पंचवीस हजारांचा बोर्ड घेणाऱ्याला दुसरा घेणं परवडतं. हप्त्याहप्त्याने भाग जमवणाऱ्याला नाही, आणि बोर्ड मुका मिळतो तो नेमका त्यालाच. शिवाय प्रत्येक बोर्डाची बीपची भाषा वेगळी. निदान त्या आवाजांचा तक्ता पुस्तिकेत छापायला काय हरकत आहे?

डीडीआर-५ रॅम आल्यापासून आणखी एक भर पडली आहे. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी वेळेचा मेळ बसवत असतो आणि कधी कधी कित्येक मिनिटं पडदा काळा राहतो. हे माहीत नसलेला माणूस घाबरून बटण दाबून बंद करतो, पुन्हा लावतो, पुन्हा बंद करतो. ‘पहिल्या वेळी थांबा’ एवढी ठळक ओळ खोक्यावर हवी.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले. दोन्हींचं मी स्वागत करते. पण ई-कचऱ्याची विल्हेवाट ही वस्तू फेकल्यानंतरची गोष्ट आहे, आणि दुरुस्तीच्या आधी निदान लागतं. पुण्याच्या टापकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, पडदा उजळत नाही म्हणून बदललेल्या बोर्डांपैकी खरोखर मेलेले किती, हे स्पीकर लावून पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

म्हणून बोर्ड विकणाऱ्या कंपन्यांवर, किंमत कितीही असो, चार दिवे किंवा स्पीकर देण्याचं बंधन असावं आणि आवाजांचा तक्ता मराठीसह भारतीय भाषांत मिळावा. दुकानदारांकडूनही एक हवं. बोर्ड गेला म्हणायचं असेल तर कोणती रॅम लावून पाहिली, कोणता एसएमपीएस, रॅम काढल्यावर आवाज आला की नाही, हे कागदावर लिहून सहीशिक्क्यानिशी द्यावं. आणि जुना बोर्ड, तो जळका असला तरी, गिऱ्हाइकाच्या हाती परत द्यावा.