विश्लेषण : पाळलेला ससाणा हरवतो, तेव्हा नेमके काय होते? आणि सापडला की तो ‘हेर’ का ठरतो?

जून २०१२. विम्बल्डनची टेनिस स्पर्धा सुरू असताना लंडनमध्ये वेगळीच शोधमोहीम चालली होती. ‘रूफस’ नावाचा, हॅरिस हॉक जातीचा शिकारी पक्षी मोटारीतून चोरीला गेला होता. टेनिस कोर्टांवर कबुतरे ठाण मांडू नयेत म्हणून प्रेक्षक येण्याआधी, सकाळी सकाळी, रूफसला मैदानावरून उडवले जाते. त्याचा फोटो जगभर फिरला आणि काही दिवसांतच तो परत मिळाला.

रूफस प्रसिद्ध होता, म्हणून त्याची बातमी झाली. ब्रिटनमध्ये असे कित्येक पाळीव शिकारी पक्षी दर वर्षी हरवतात. चोरीला जाणारे थोडे. बहुतेक जण रोजच्यासारखे मोकळ्या रानात उडवले जातात आणि परत येत नाहीत. पुढे त्यांचे काय होते, हे पुष्कळदा एकाच गोष्टीवर ठरते. ज्याच्या अंगणात, गच्चीवर किंवा शेतात तो पक्षी उतरतो, त्या माणसाला त्याच्या पायातली वादी पाहून काय वाटते? घोळ नेमका इथे आहे. कारण बाजदारांबद्दल, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवून घेणाऱ्यांबद्दल, लोकांच्या मनात जी चित्रे आहेत, त्यांतली बहुतेक चुकीची आहेत.

हरवलेला की पळालेला?

पायात चामड्याची वादी, तिला अडकवलेले घुंगरू आणि कधी कधी शेपटीतून डोकावणारी बारीक तार. असा पक्षी दिसला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘बिचारा, छळाला कंटाळून पळाला.’ मग वादी कापून त्याला ‘स्वातंत्र्य’ देण्याची इच्छा होते. इच्छा चांगली असते, पण तिच्यामागचा समज चुकीचा असतो.

पोपट पिंजऱ्यातून निसटतो तसा ससाणा निसटत नाही. बाजदार त्याला बहुधा रोज, निदान शिकारीच्या मोसमात तरी, स्वतःच्या हातावरून मोकळा सोडतो. त्या वेळी पायाला दोरी नसते. वर कोणतीही जाळी नसते. परत यायचे की नाही, हे त्या क्षणी पूर्णपणे पक्ष्याच्या हाती असते. म्हणजे तो हरवण्याची शक्यता ही या छंदातली एखादी चूक नसून छंदाचाच भाग आहे.

हरवण्याची कारणेही साधी असतात. दुपारचे ऊन तापले की वर उठणाऱ्या उष्ण हवेवर पक्षी घिरट्या घालत चढत जातो आणि दिसेनासा होतो. भक्ष्याचा पाठलाग करताना टेकडीपलीकडे जातो. एखादा मोठा गरुड अंगावर आला तर जीव वाचवायला मैलोनमैल उडतो. किंवा स्वतःच शिकार करून, पोट भरून कुठल्या तरी झाडावर निवांत बसतो. पोट भरलेल्या पक्ष्याला मालकाची शिटी ऐकू येत असते, पण तिची गरज उरलेली नसते.

मग तो रोज परत का येतो?

इथे गैरसमज दोन्ही टोकांना आहेत. एका टोकाला ‘माझ्यावर प्रेम आहे म्हणून येतो’ अशी सिनेमातली कल्पना. ससाणा म्हणजे कुत्रा नव्हे. मालकाला पाहून त्याला आनंदाचे भरते येत नाही. दुसऱ्या टोकाला ‘उपाशी ठेवतात म्हणून येतो’ हा आरोप.

खरे उत्तर या दोन्हींच्या मधले आणि बरेच रुक्ष आहे : वजनकाटा. बाजदार पक्ष्याचे वजन रोज, ग्रॅमच्या हिशेबात करतो आणि वहीत लिहितो. प्रत्येक पक्ष्याचे एक ‘उडण्याचे वजन’ असते. त्याहून जड झाला तर भूक नसते आणि तो येत नाही. त्याहून फार हलका झाला तर अंगात ताकद नसते, मग शिकार दूरच, थंडीत रात्र काढणेही कठीण. उपाशी ससाणा हा निरुपयोगी ससाणा असतो, म्हणून कसलेला बाजदार त्याला उपाशी ठेवत नाही. हातमोज्यावर मांसाचा तुकडा हमखास मिळतो, हा त्या पक्ष्याचा रोजचा अनुभव असतो आणि त्या अनुभवावरच सगळा व्यवहार चालतो.

मात्र हा तोल नवशिक्याकडून बिघडू शकतो, हेही खरे. अमेरिकेत म्हणूनच परवान्याशिवाय ससाणा पाळता येत नाही. लेखी परीक्षा द्यावी लागते आणि किमान दोन वर्षे अनुभवी बाजदाराच्या देखरेखीखाली उमेदवारी करावी लागते. ब्रिटनमध्ये हॅरिस हॉक पाळायला अशा कोणत्याही परवान्याची गरज नाही. पैसे मोजा आणि पक्षी घरी न्या. हरवणाऱ्या पक्ष्यांच्या प्रश्नात या ढिलाईचा वाटा आहे, हे तिथल्या बाजदारांनीही मोकळेपणाने मान्य करायला हवे.

डोळ्यांवर घातली जाणारी चामड्याची टोपी हाही असाच एक वादाचा विषय. पाहणाऱ्याला ती शिक्षा वाटते. पण ससाण्याचे जग डोळ्यांनी चालते. अंधार झाला की तो शांत होतो. प्रवासात, गर्दीत, कुत्री भुंकत असताना टोपी घातलेला ससाणा एका पायावर निवांत उभा असतो. टोपी नसेल तर तोच पक्षी फडफडून पिसे मोडून घेतो.

शोध कसा घेतात?

थोडे गणित करून पाहू. ससाणा ताशी ६० किलोमीटर वेगाने सरळ उडाला, तर १० मिनिटांत १० किलोमीटर जातो. दिशा माहीत नसेल, तर शोधायचे क्षेत्र होते १० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ, म्हणजे सुमारे ३१४ चौरस किलोमीटर. मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून हे क्षेत्र जास्त भरते. बाजदार २० मिनिटे गाफील राहिला, तर ते चौपट होते. (सूर मारताना ससाण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो, पण ती उडी वरून खाली असते, त्यामुळे या हिशेबात ती धरलेली नाही.)

पूर्वी या वर्तुळात शोध घ्यायला घुंगरू हेच साधन होते. लाहोरात बनणारी घुंगरे त्यांच्या नादासाठी युरोपातल्या बाजदारांमध्येही नावाजलेली होती. आता पक्ष्याच्या शेपटीला किंवा पाठीवर काही ग्रॅमचा ट्रान्समीटर असतो. वजनाची मर्यादा इथेही कडक आहे. पक्ष्यांवर उपकरणे बसवताना त्यांच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांचा संकेत पाळला जातो. ६०० ग्रॅमच्या नर बहिरी ससाण्यासाठी ते होतात फक्त १८ ग्रॅम, त्यातही बॅटरी धरून.

जुन्या पद्धतीचा ट्रान्समीटर फक्त ‘टिक टिक’ असा रेडिओ संदेश पाठवतो. बाजदार हातात दिशादर्शक अँटेना घेऊन गोल फिरतो आणि आवाज कुठल्या बाजूला मोठा येतो ते पाहतो. आपल्याकडे गच्चीवर दूरदर्शनसाठी जी काड्याकाड्यांची अँटेना असायची, तिचीच ही धाकटी बहीण. टेकडीवर उभे राहिले तर संदेश कित्येक किलोमीटरवरून मिळतो. पक्षी दरीत किंवा जमिनीवर बसला की तोच संदेश जवळ जाऊनही हरवतो, कारण या लहरी सरळ रेषेत जातात. इमारतींवर आपटून त्या भलतीकडूनही येतात. नव्या जीपीएस ट्रान्समीटरमुळे पक्ष्याची जागा थेट मोबाइलच्या नकाशावर दिसते. तरीही बॅटरी संपते, शेपटीचे पीस गळते आणि त्याच्याबरोबर ट्रान्समीटरही पडतो.

मग उरतो जुनाच मार्ग. संध्याकाळी पक्षी जिथे शेवटचा दिसला, तिथे पहाटे उजाडण्याआधी हजर व्हायचे. ससाणा रात्री सहसा उडत नाही आणि सकाळी भुकेला असतो. आमिष फिरवत, शिटी वाजवत उघड्या माळावर तासन्‌तास उभे राहणाऱ्या माणसाला पाहून रस्त्यावरचे लोक काय म्हणत असतील, हा भाग वेगळा.

एक प्रसंग मात्र प्रत्येक बाजदाराच्या पोटात गोळा आणतो : लांब दोरी पायातच राहिली आणि पक्षी उडून गेला. ही दोरी फक्त बैठकीवर बांधून ठेवण्यासाठी असते, उडवण्याआधी ती सोडायची असते. ती फांदीत किंवा विजेच्या तारेत अडकली की पक्षी उलटा लटकतो आणि सोडवायला कोणी आले नाही तर तसाच मरतो. दोरी लोंबणारा पक्षी दिसला, तर मदतीसाठी तासाभराचा उशीरही त्याच्या जिवावर बेतू शकतो.

सापडणाऱ्याला काय दिसते?

हरवलेल्या पक्ष्याच्या पायात बहुधा एक कडे असते. त्यावर क्रमांक असतो. ब्रिटनमध्ये पाळीव शिकारी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी स्वतंत्र नोंदवही आहे. क्रमांक कळला की मालक सापडू शकतो. काही जण घुंगराजवळच्या पट्टीवर फोन नंबरही कोरतात. संयुक्त अरब अमिरातीत तर ससाण्यांना पासपोर्ट मिळतो. इतकी सोपी गोष्ट. तरीही कड्याकडे पाहून माणसांच्या डोक्यात भलतेच काही येते.

२०१३ मध्ये तुर्कस्तानातल्या एका गावात खरुची, म्हणजे ससाण्याच्या कुळातला छोटा पक्षी, सापडला. त्याच्या पायातल्या कड्यावर इस्रायलचे नाव होते. पक्षी हेर असल्याच्या संशयावरून त्याचा चक्क एक्स-रे काढण्यात आला. आत फक्त हाडे निघाली आणि त्याला सोडून देण्यात आले. अभ्यासकांनी स्थलांतराच्या नोंदीसाठी घातलेले ते कडे होते.

हसण्याआधी मुंबईकडे पाहावे. मे २०२३ मध्ये चेंबूरच्या पीर पाव जेट्टीजवळ एक कबुतर पकडले गेले. पायात कडी होती, चिनी वाटणारी अक्षरे होती. हेरगिरीचा संशय आला. कबुतर परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात ठेवले गेले. पुढे कळले की ते तैवानमध्ये शर्यतीसाठी वापरले जाणारे, वाट चुकलेले कबुतर होते. तोवर आठ महिने गेले होते. जानेवारी २०२४ च्या अखेरीस ते सुटले. खबरदारी घेणे चूक नव्हते. पण कडे हे पक्ष्याचे ओळखपत्र असते, हे आधी ठाऊक असते तर हे आठ महिने वाचले असते.

बाजदार निर्दोष आहेत का?

नाहीत. हुबारा या माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्याच्या शिकारीसाठी आखाती देशांतले धनिक लवाजम्यासह पाकिस्तानात उतरतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या शिकारीवर बंदी घातली आणि काही महिन्यांतच, जानेवारी २०१६ मध्ये, ती उठवली. साकर जातीचे जंगली ससाणे पकडून विकण्याचा चोरटा व्यापार आहे. प्रयोगशाळेसारख्या नेमकेपणाने पैदास केलेले संकरित ससाणे निसटले, तर त्यांची जंगली ससाण्यांशी जोडी जमण्याचा धोकाही आहे. म्हणजे हरवलेला पक्षी हे फक्त मालकाचे खासगी दुःख नाही, ती त्याची जबाबदारी आहे.

पण दुसरी बाजू याच लोकांची आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाणा १९६० च्या दशकात जवळपास नाहीसा झाला. पक्षिशास्त्रज्ञ टॉम केड स्वतः बाजदार होते. १९७० मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात बंदिस्त पैदास सुरू केली. आपले पक्षी देणारे, पिल्ले रानात सोडण्याची जुनी रीत शिकवणारे बाजदारच होते. चार हजारांहून अधिक ससाणे सोडले गेले आणि १९९९ मध्ये या पक्ष्याचे नाव अमेरिकेच्या संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले. युनेस्कोने २०१० मध्ये या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. २०२१ पर्यंत त्या नोंदीत २४ देश सामील झाले. भारत त्यात नाही. एकेकाळी इथल्या संस्थानिकांकडे बाजदार पदरी असत; आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. ते योग्यच आहे, कारण आपल्याकडे परवाने, परीक्षा, कडी आणि नोंदवह्या अशी व्यवस्थाच नाही.

महाराष्ट्रात असा पक्षी दिसला तर?

आधी एक खुलासा. व्हॉट्सॲपवर ‘गरुड सापडला’ म्हणून येणारा पक्षी बहुतेकदा घार असते, नाही तर शिक्रा. मांज्याने कापलेली किंवा पावसात घरट्यातून पडलेली. पायात वादी किंवा घुंगरू असेल, तर मात्र प्रकरण वेगळे : तो बेकायदा पाळलेला असू शकतो, किंवा दुसऱ्या देशातून भरकटलेला. दोन्ही वेळा तो ठेवून घेता येत नाही, विकता येत नाही आणि वादी कापून हवेत भिरकावून देणे तर त्याच्या जिवाशी खेळ ठरू शकते. माणसाने वाढवलेल्या पक्ष्याला शिकार जमतेच असे नाही. जंगलात जन्मलेल्या ससाण्यांची निम्म्याहून अधिक पिल्लेही पहिले वर्ष पार करत नाहीत.

दुरून फोटो काढावा. कडे, वादी आणि जमल्यास क्रमांक त्यात यावा. पाठलाग करू नये. पक्षी जखमी असेल आणि हाताळावेच लागले, तर अंगावर जाड टॉवेल टाकून, नख्यांपासून जपत, हवेची भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावा. तारेच्या पिंजऱ्यात नको, त्यात पिसे मोडतात. दूध, पोळी, भात यांतले काहीही देऊ नये आणि चोचीत पाणी ओतू नये. राज्याच्या वन विभागाच्या मदतवाहिनीचा क्रमांक १९२६ आहे. आणि तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिथे पाठवलेला बरा. कड्यावरचा क्रमांक वाचून पुढे कुठे फोन करायचा, हे ग्रुपवर कोणाला माहीत नसते.