जादा वजन आणि आपल्या ट्रॉल्या



२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडाले आणि लगेच खाली आले. वैमानिकाने तातडीने उतरवण्याचा प्रयत्न केला, पण ते विजेच्या तारांना अडकून कोसळले. सुदैवाने आतील सर्वजण वाचले.

पुढे विमान अपघात तपास ब्यूरोने चौकशी केली. त्या वेळच्या हवामानाला झेपेल त्यापेक्षा वजन जास्त होते, असे तपासात निघाले. उन्हाने हवा पातळ होते, पात्यांना आधार कमी मिळतो. सकाळच्या गारव्यात जे वजन सहज उचलेल, ते मे महिन्याच्या उन्हात उचलेलच असे नाही.

आता म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाला हेलिकॉप्टरचं काय पडलंय? पडलंय, कारण आपल्या ट्रॉलीचंही तेच आहे. कोरड्या सडकेवर जी खेप निभावते, ती पाणी दिलेल्या रानातून किंवा कालव्याच्या चढावर निभावत नाही. कसारा घाट उतरून भिवंडीच्या गोदामाकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याला विचारा, जादा वजन उतारावर काय करतं!

गेल्या हंगामात माझ्या गटात ट्रॉली उलटली. एका तरण्या पोराचा पाय गेला. मी पोचलो तेव्हा लोक म्हणत होते, "ड्रायव्हरची चूक." संध्याकाळपर्यंत ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरला आणि विषय संपला. किती ऊस भरला होता, पिन कधी बदलली होती, मागे दिवा होता का, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मीही नाही. ती माझी चूक.

विमान अपघाताचा तपास कुणाला फासावर द्यायला नसतो. तसा अपघात पुन्हा होऊ नये, एवढाच त्याचा हेतू असतो. जगभर हाच नियम आहे. म्हणून माझी सूचना आहे. प्रत्येक गट कार्यालयात अपघात वही ठेवावी. ट्रॉली उलटली की तीन दिवसांत भार, रस्ता, जोडणी, दिवे आणि वेळ यांची नोंद व्हावी. ती वही वार्षिक सभेपुढे ठेवावी.

जादा दोन मोळ्यांनी खेप वाचते खरी. पण मंत्र्याच्या अपघाताला जी चौकशी मिळते, ती आपल्या पोरांच्या वाट्याला का येऊ नये?

— ऊस विकास अधिकारी