नखं कापायची ती उज्ज्वलनगरच्या अलीकडे

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशन,
मेट्रो भवन, नागपूर

महोदय,


मी मनीषनगरात राहते आणि नोकरीसाठी उज्ज्वलनगर ते सीताबर्डी ये-जा करते. हे तक्रारपत्र नाही. मनीषनगरच्या रेल्वे फाटकापाशी मालगाडीचे डबे मोजत आमची अर्धी हयात गेली. मार्च २०१९ मध्ये खापरी-सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, पुढच्या वर्षी उड्डाणपूल झाला, आणि 'फाटक लागलं होतं' ही ऑफिसात सांगायची हक्काची सबब गेली. याबद्दल तुमचे आभार मानावेत की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही. मी मानते.

पत्राचं कारण वेगळं आहे. आमच्या सोसायटीतली काही ज्येष्ठ मंडळी तुमच्याकडे एक निवेदन घेऊन येणार आहेत. मुली मेट्रोत सगळ्यांसमोर आरसा काढून बसतात, काजळ-लिपस्टिक लावतात, हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही, तरी यावर तात्काळ बंदी घालावी, असा त्याचा मजकूर. कागद सहीसाठी माझ्याकडेही आला होता. मी सही केली नाही, आणि नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसणं जमेना, म्हणून हे दुसरं पत्र. दोन्ही एकाच फाइलला लावावीत.

आधी ज्यांच्याविरुद्ध निवेदन आहे त्यांच्याबद्दल. एक मुलगी सकाळी बरेचदा माझ्या समोरच्या सीटवर असते. स्टेशनखाली स्कुटी लावून वर येते तेव्हा तिचे फक्त डोळे दिसतात. डोक्यातोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, अंगात सनकोट. नागपूरच्या पोरींचा हा उन्हाळी गणवेश तुम्हाला सांगायला नको. जागा मिळाली की स्कार्फ सुटतो, त्याची घडी पर्समध्ये जाते आणि तळहाताएवढा आरसा बाहेर येतो. मग काजळ. गाडी एका लयीत असेपर्यंत पेन्सिल पापणीला टेकलेली. छत्रपती चौक जवळ आला, की ब्रेक लागायच्या आधीच ती पेन्सिल उचलते. दारं उघडतात, मिटतात, गाडी वेग धरते, आणि मग दुसरा डोळा. अजनी चौकानंतर लिपस्टिक, रहाटे कॉलनीनंतर टिकली. काँग्रेसनगर यायच्या आत आरसा बंद. गाडी चालवणाऱ्याच्या खालोखाल ब्रेकची वेळ तिलाच ठाऊक असावी. या सगळ्यात तिचं कोपर शेजारणीला लागत नाही, काही सांडत नाही, उडत नाही. बघायचं नसेल त्याला खिडकीतून वर्धा रोड बघता येतो.

आता ज्यांच्याबद्दल निवेदनात अवाक्षर नाही ते. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. जयप्रकाशनगर गेलं आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. जुडग्याला नेलकटर होतं. कट्. बंद डब्यात तो आवाज या टोकापासून त्या टोकाला जातो. कट्, कट्, आणि अंगठ्याची एक कपची उडून शेजारच्या मुलीच्या जेवणाच्या डब्याच्या काळ्या पिशवीवर बसली. पिवळसर, अर्धचंद्राकार. तिनं पाहिली, मी पाहिली, समोरच्या दोघांनी पाहिली. हातानं झटकायची किळस, तशीच ठेवायचीही किळस. शेवटी तिनं तिकिटाच्या चिटोऱ्यानं ती ढकलली आणि ती माझ्या चपलेपाशी पडली.

"काका, घरी नाही का कापता येत?" मी म्हटलं.

"काहून? तुम्हाले लागलं का?"

लागलं नव्हतं, हे खरंच. पण या काकांना त्यांच्या आईनं घरातसुद्धा असं करू दिलं नसतं. अंगणात बस, खाली कागद घे, तिन्हीसांजेला नको, शनिवारी तर नकोच, नि कापलेली नखं कोणाच्या पायाखाली येऊ देऊ नकोस. केसांचंही तेच. माझी आजी विंचरून झालं की गुंतवळ बोटाला गुंडाळायची आणि भिंतीच्या कोनाड्यात खोचून ठेवायची. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की ते तिच्या झोळीत. शनिवार-तिन्हीसांजेची अंधश्रद्धा आपण टाकून दिली ते बरंच केलं. तिच्याबरोबर खाली धरायचा कागदही टाकून दिला.

तेव्हा माझं म्हणणं असं, की प्रवासी अंगाला काय लावतो हे मेट्रोनं बघू नये; त्याच्या अंगावरून काय सुटून दुसऱ्याकडे जातं ते बघावं. नखं सुटतात. केस सुटतात, दाराच्या काचेत बघून भांग पाडणारे आमचे तरुण कंगवा वर झटकतात तेव्हा कोंडा कोणाच्या खांद्यावर बसतो हे त्यांना दिसत नाही, आम्हाला दिसतं. नेलपेंट नि रिमूव्हरचा वास सुटतो, आणि रिमूव्हरमधलं असिटोन पटकन पेट घेतं ते वेगळंच. त्या बाबतीत मी मुलींची बाजू घेणार नाही. गाडीच्या किल्लीनं कान कोरणारे, काडीनं दात कोरून काय निघालं ते निरखणारे, हे बहुतेक पुरुष आहेत, आणि त्यांच्या संस्कृतीबद्दल कोणी निवेदन काढल्याचं मी ऐकलं नाही. चघळायच्या तंबाखूबद्दल, आमच्या खर्ऱ्याबद्दल, इथं लिहीत नाही. नागपुरात त्यावर पत्र नव्हे, ग्रंथ लिहावा लागेल.

सगळ्यात जास्त सुटतो तो डिओ. कारण मी समजू शकते. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात पार्किंगपासून फलाटापर्यंत चालत आलेल्या माणसाला आपल्या अंगाची काळजी वाटणारच. पण तो डब्यात शिरतो, बॅगेतून बाटली काढतो आणि शर्टाची बटणं सोडून दोन्ही काखांत फुस्स करतो. खिडक्या बंद, एसीची बरीचशी हवा तीच ती फिरणारी, आणि डबे एकमेकांना आतून जोडलेले. एकाचा 'कूल' वास सगळ्यांच्या छातीत. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंना दमा आहे. फुस्स ऐकू आलं की त्या पदर नाकाला लावून उठतात आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहतात, मिळालेली जागा सोडून. शिवाय त्या बाटलीत वायू भरलेला असतो तो ज्वालाग्राही, हे बाटलीवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं.

उलट बाजूही सांगते, कारण निवेदनवाल्यांपैकी एकानं 'घामट लोकां'चाही विषय काढला होता. बांधकामावरून किंवा दिवसभर पार्सलं वाटून आलेल्या माणसाच्या अंगाला घामाचा वास येणारच. तो त्याच्या कामाचा आहे. त्यानं तो मेट्रोत बसून तयार केलेला नाही. शिष्टाचाराच्या नावाखाली त्याला कोणी दारापाशी उभं करू लागलं, तर सगळ्यात आधी मी भांडेन.

आता बंदीबद्दल. २००२ च्या मेट्रो कायद्याचं कलम ५९ तुमच्या अधिकाऱ्यांना पाठ असेल. दारू पिऊन येणं, उपद्रव, असभ्य वर्तन, मेट्रोनं दिलेल्या सोयींत विनाकारण व्यत्यय आणून इतरांचा प्रवास बिघडवणं, या सगळ्याला त्यात दंड आहे. नेलकटरला वेगळा कायदा नको, 'उपद्रव' हा शब्द पुरतो. पण हे शब्द लवचीक आहेत, आणि लवचीक शब्द आधी कोणाकडे वळतात हे आपण पाहिलंय. २०२३ मध्ये दिल्ली मेट्रोत एका तरुणीच्या तोकड्या कपड्यांवरून गदारोळ झाला तेव्हा तिथल्या प्रशासनानं याच कलमाचा हवाला दिला. त्याच वर्षी तिथल्या डब्यातल्या प्लगला यंत्र लावून केस सरळ करणाऱ्या मुलीची चित्रफीत गावभर फिरली. ते यंत्र तापतं, भाजतं, गर्दीत त्याला आक्षेप घ्यायलाच हवा. पण लोकांनी चर्चा केली ती तिच्या नखऱ्याची. चटक्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

बाहेरच्या जगाचंही ऐका. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं २०१५ च्या सुमारास शिष्टाचाराची पोस्टरं लावली, त्यात नखं कापणाराही होता आणि नटणारीही. दोघांना एका मापानं तोलणं मला पटत नाही, पण निदान पाय फाकवून दोन जागा अडवणाऱ्या पुरुषालाही त्यांनी सोडलं नव्हतं. तोक्योत २०१६ मध्ये तोक्यू या खासगी रेल्वे कंपनीनं डब्यात मेकअप करणाऱ्या बायका किती बेंगरूळ दिसतात हे सांगणारी जाहिरात काढली. जपानी बायका एरवी फार बोलत नाहीत असा आपला समज. त्या चांगल्याच बोलल्या. गर्दीत अंगचटीला येणाऱ्यांचं आधी बघा, आमच्या मस्काऱ्यानं कोणाचं काय बिघडतं, असा त्यांचा सूर होता. तोक्यूनं केलं ते महामेट्रोनं करू नये, एवढ्यासाठी हे सांगतेय.

निवेदनात मुंबईचंही नाव आहे: 'हे मुंबईचं फॅड'. मुंबईच्या लोकलचा बायकांचा डबा यांनी आतून पाहिला नसणार. पश्चिम रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली धावली. वेण्या घालणं, साड्यांच्या निऱ्या नीट करणं, मेथी निवडणं, हळदीकुंकू, सगळं त्या डब्यांत चालतं. पण मेथीच्या काड्या पिशवीत जातात, आणि गेल्या नाहीत तर तिथल्या जुन्या बायका काय बोलतात ते ऐकावं. तो डबा त्यांना चालतो, कारण वर्षानुवर्षं तीच आठ-दहा जणींची टोळी, तीच वेळ, तासा-दीड तासाचा प्रवास आणि सगळ्या बायकाच. आपल्याकडे उज्ज्वलनगरपासून सीताबर्डी सहावं स्टेशन. शेजारी बहुतेकदा नवा. वेणी घालून घेण्याइतकी ओळख व्हायच्या आत माणूस उतरतो. म्हणून मुंबईची सगळी मोकळीक इथं आणा असं मी म्हणत नाही. पिशवी तेवढी आणा.

आणि या मुली घरून तयार होऊन का येत नाहीत, हा निवेदनातला प्रश्न. प्रश्न विचारणारे सकाळी फिरून येतात, तेव्हा चहा टेबलावर असतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७, असं निघालं. तेही जे पुरुष काही करतात त्यांचाच हिशोब. शिवाय घरून मेकअप करून, त्यावर स्कार्फ आवळून, मे महिन्यात स्कुटीवरून यायचं, म्हणजे स्टेशनवर पोचेपर्यंत काजळ हनुवटीवर. हे निवेदनवाल्यांना माहीत नसणं मी समजू शकते. त्यांना कधी स्कार्फ बांधावा लागला नाही. आणि ज्या मेट्रोनं 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स' म्हणून वाढदिवसाचा केक कापायला अख्खा डबा भाड्यानं दिला, तिथं काजळाच्या कांडीनं संस्कृती बुडते हे मला तरी कोणी पटवून द्यावं.

तर मागणं. डब्यात सूचना लावायची असेल तर मोजक्या शब्दांत लावा: नेलकटर, कंगवा, स्प्रे, नेलपेंट गाडीत नको. 'सभ्य', 'शोभनीय' असले शब्द त्यात घालू नका. त्यांचा अर्थ प्रत्येक गार्ड आपापल्या घरून घेऊन येतो. दंडाची घाई नको, पहिले सहा महिने नुसतं "काका, ठेवा ते खिशात" म्हटलं तरी पुष्कळ. सूचना आपल्या बोलीत लिहिली तर लोक वाचतील तरी. 'नखं घरी कापून या नं भाऊ' हे माणूस हसून वाचतो आणि मग हात खिशात घालतो.

दुसरं, उज्ज्वलनगर स्टेशनवर, तिकीट फाटकाच्या आत, भिंतीला एक मोठा आरसा लावून द्या आणि त्याखाली पर्स टेकेल एवढी फळी. स्वच्छतागृहातला नको, तिथं ओल असते आणि रांगही. बाहेर, उजेडात, जिथून गाडी कधी येतेय ते दिसेल अशा जागी. डिओवाल्यालाही तिथंच उभं राहून हवं तितकं फुसफुसता येईल. तिथं हवा वाहती आहे. आरशापुढे पोरांचीच जास्त गर्दी होईल असा माझा अंदाज आहे.

आणि पोस्टर काढलंच, तर त्यात स्कुटरच्या किल्लीनं कान कोरणारा माणूस जरूर दाखवा. फक्त त्याला झुपकेदार मिशा, चौकोनी चष्मा नि चौकड्यांचा शर्ट देऊ नका. आमच्या घरी हे पत्र कोणी लिहिलं ते अजून माहीत नाही.

आपली,
मनीषनगरची एक प्रवासी