करवंटीचे तेल आणि इंधनाचा हिशेब

नायट्यावर करवंटीचे तेल लावण्याचा उपाय आमच्या किनारपट्टीवर जुना आहे. तापलेल्या करवंटीतून पाझरणारा तो काळा, उग्र वासाचा द्रव म्हणजे आज गाजत असलेल्या ‘पायरॉलिसिस’चे घरगुती रूप होय. रसशास्त्रातील पातालयंत्राचे तत्त्वही हेच.

लाकूड, टरफले किंवा भुसा हवेशिवाय सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत झपाट्याने तापवावा आणि निघालेली वाफ दोनएक सेकंदांत थंड करावी, म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ६० ते ७५ टक्के तेल हाती येते. उरलेल्या कोळशावर व वायूवर भट्टी चालविता येते. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणणाऱ्या देशाला याची भुरळ पडल्यास नवल नाही.

परंतु भुरळ पडणे वेगळे आणि हिशेब जुळणे वेगळे. हे तेल म्हणजे डिझेल नव्हे. त्यात पाव हिश्श्यापर्यंत पाणी असते, त्याच्या आम्लतेने लोखंड गंजते, साठविल्यास ते घट्ट होत जाते आणि त्याची उष्णता डिझेलच्या निम्म्याहूनही कमी भरते. मोटारीत घालावयाचे तर आधी हायड्रोजनची खर्चिक प्रक्रिया आवश्यक ठरते. मिसिसिपी राज्याच्या कर्जावर उभी राहिलेली अमेरिकेतील ‘किओर’ कंपनी २०१४ साली दिवाळखोरीत निघाली. आमच्याकडेही २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे, मोगली एरंडाच्या भरवशावर २००३ साली पाहिलेले स्वप्न विरून गेले. उलट, फिनलंडमधील योएन्सू येथे २०१३ साली सुरू झालेल्या कारखान्याने मोटारींचा हव्यास न धरता उष्णता-केंद्रांच्या भट्ट्यांसाठी तेल काढले. शहाणपणाचा मार्ग तोच.

दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा. ज्याला ‘कचरा’ म्हटले जाते, तो खरोखर कचरा असतो काय? काजूची टरफले कारखान्यांच्या भट्टीत जळतात, त्यांच्यातील तेलालाही गिऱ्हाईक आहे. चुडते आणि सोडणे गरिबाची चूल पेटवितात. पाचोळा कुळागराची माती राखतो. उद्या यांना कारखानदाराचा भाव आला, तर झळ प्रथम त्या चुलीला लागेल, आणि माल अपुरा पडताच कुऱ्हाड रानाकडे वळेल.

म्हणून सरकारने अनुदानाच्या घोषणा करण्यापूर्वी काजू कारखान्यांच्या परिसरात एकच लहान भट्टी उभारावी, तिचे तेल बॉयलरमध्येच जाळावे, आणि वर्षभराचा माल, खर्च व धूर यांचा हिशेब जनतेपुढे ठेवावा. तो जुळला तर पुढचे पाऊल अवश्य टाकावे. न जुळला तर निदान रान तरी शाबूत राहील.