जून आमचा, नोव्हेंबर यंत्राचा?

माझं मत कुठे पडतं हे सोलापूरच्या नव्या पेठेत कुणापासून लपलेलं नाही. वडिलांनी काँग्रेसच्या हाताला दिलं, मीही हातालाच देत आलो, आणि या सदरात तटस्थपणाचा आव आणायची मला हौस नाही. आजचं लिहिणं मुख्यतः आमच्याच मंडळींसाठी आहे. कमळवाल्या वाचकांनी खुशाल वाचावं, पण लगेच गालात हसू नये; त्यांच्यासाठीही शेवटी थोडं राखून ठेवलंय.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला, नवं सरकार ५ डिसेंबरला शपथ घेऊन मोकळं झालं, तरी आमच्या बाजूच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर एकच विषय होता: मतदानयंत्र. त्यात मारकडवाडीने भर घातली. माळशिरस तालुक्यातलं हे गाव. गावात आमच्या आघाडीच्या उत्तम जानकरांना ८४३ मतं आणि भाजपच्या राम सातपुतेंना १००३. गावकरी म्हणाले, हे शक्यच नाही, आम्ही कागदावर पुन्हा मतदान घेऊन दाखवतो. ३ डिसेंबरची तारीख ठरली, मंडप पडला, मतपत्रिका छापल्या. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस उतरले, मतदान झालं नाही. वर गुन्हे दाखल झाले. पाच दिवसांनी शरद पवार गावात येऊन गेले.

गावकऱ्यांना अडवण्यात सरकारचा अडाणीपणाच दिसला. ज्या मतदानाला कायद्याने काही किंमत नाही, ते होऊ दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पोलिसांची गाडी गावात शिरली आणि ज्यांना शंका नव्हती त्यांनाही आली. इथवर मी आमच्या लोकांबरोबर आहे.

पुढे मात्र गाडी अडते. कारण माळशिरसमध्ये निवडून कोण आलं? उत्तम जानकर. सातपुते सहा महिन्यांत दोनदा पडले, जूनमध्ये सोलापूर लोकसभेला आणि नोव्हेंबरमध्ये आमदारकीला. एवढी करामत करणाऱ्याने एका गावात दीडशे मतं फिरवावीत आणि तालुक्यात आपलाच उमेदवार पाडावा, हा कुठला धंदा?

आणि गोष्ट फक्त माळशिरसची नाही. राज्यात महायुतीची लाट आली, आघाडी पन्नाशीच्या आत गुंडाळली गेली. पण आपल्या जिल्ह्याच्या अकरा जागा बघा. माळशिरस, माढा, करमाळा, मोहोळ इथे शरद पवारांची तुतारी वाजली. बार्शीत दिलीप सोपल ठाकरेंच्या मशालीवर आले. सांगोल्यात झाडी-डोंगरवाले शहाजीबापू गेले आणि गणपतराव देशमुखांचे नातू शेकापच्या नावावर विधानसभेत पोहोचले. अकरापैकी सहा जागा सत्तेच्या विरोधात. ज्या महिन्यात अख्खा महाराष्ट्र एका बाजूला झुकला, त्याच महिन्यात सोलापूर जिल्हा उलटा उभा राहिला. या सहा जागांवरची यंत्रं सज्जन आणि उरलेल्या पाचांवरची चोर, असं मानायला माझं दुकानदाराचं डोकं तयार होत नाही.

त्या सहांत हाताचा पंजा कुठे आहे? एकाही जागी नाही. आम्ही बोलायला हवं ते यावर, आणि नेमकं त्यावर आमचे लोक बोलत नाहीत.

पराभवाला कारण शोधण्यात आमचा पक्ष कधी कमी पडला नाही. २०१४ ला शरद बनसोडेंनी सुशीलकुमार शिंदेंना १,४९,६७४ मतांनी पाडलं. देशाचा गृहमंत्री स्वतःच्या गावात पडला. आम्ही म्हणालो, लाट होती. २०१९ ला जयसिद्धेश्वर महास्वामींनी १,५८,६०८ मतांनी पाडलं, तेव्हा प्रकाश आंबेडकरांनी १,७०,००७ मतं घेतली होती. आम्ही म्हणालो, वंचितने घात केला. ते आकड्यांत बसतही होतं. पण मग २०२४ च्या एप्रिलमध्ये वंचितच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, एमआयएमने उमेदवार दिला नाही, आणि शिंदेसाहेबांची लेक प्रणितीताई ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की आपली मतविभागणी टळली म्हणून जमलं. तेव्हा तो जनतेचा कौल होता. गुलाल उधळताना यंत्राची कुणाला आठवण झाली नव्हती. मलाही झाली नव्हती, आणि होण्याचं कारणही नव्हतं.

त्या ७४ हजारांची फोड केली तर बरंच दिसतं. आघाडी दिली ती मोहोळने आणि पंढरपूर-मंगळवेढ्याने. शहर उत्तरने मागे ओढलं, अक्कलकोटनेही. ज्या शहर मध्यमधून ताई तीनदा आमदार झाल्या, त्या घरच्या मैदानात आघाडी अगदीच नावापुरती. म्हणजे जूनमध्येच शहराने सांगून ठेवलं होतं. खेड्यात कांदा बोलत होता, डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी ऐन मतदानाच्या तोंडावर उठली तोवर शेतकऱ्याचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. मराठा आरक्षणाचा राग होता. घटना बदलणार ही भीती वस्त्यावस्त्यांत पोहोचली होती. हे सगळं मत दिल्लीच्या विरोधातलं होतं. आम्ही ते आमच्यावरचं प्रेम समजून खिशात टाकलं आणि नोव्हेंबरपर्यंत तसंच घडी करून ठेवलं.

मधल्या काळात काय झालं ते नव्या पेठेइतकं कुणी जवळून पाहिलं नसेल. ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले तीन हजार खात्यावर पडले. दिवाळीआधी आणखी तीन हजार एकदम. पाच हप्त्यांचे मिळून साडेसात हजार. विडी वळणाऱ्या, शिलाईवर बसणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायका स्वतःचे पैसे घेऊन पेठेत आल्या. पूर्वी नवऱ्याकडे बघून भाव करायच्या, त्या दिवाळीत त्यांनी स्वतः भाव केला. एक बाई लेकीसाठी ड्रेस घेताना म्हणाली, “सरकारनं दिलंय, मालक, आता तुमी जरा कमी करा.” आमच्या आघाडीने जाहीरनाम्यात तीन हजारांचं आश्वासन दिलं. हातात आलेले पंधराशे आणि कागदावरचे तीन हजार यांत गिऱ्हाईक काय उचलतं, हे पेठेतल्या कुठल्याही नोकराला विचारा. ही लाच होती की मदत, यावर वाद घालावा, जरूर घालावा. पण ती यंत्रात बसून झालेली नव्हती, उजेडात झाली.

आता शहरातल्या जागा. शहर मध्य ही ताईंनी दिल्लीला जाताना मोकळी केलेली जागा. लोकसभेला आडम मास्तरांच्या लाल बावट्याने जीव तोडून आमचं काम केलं होतं, आणि ही जागा आपल्याला सुटेल अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. नरसय्या आडम म्हणजे तीनदा आमदार राहिलेला माणूस, कुंभारीला रे नगरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प उभा करणारा. त्या घरांच्या चाव्या द्यायला २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान आले तेव्हा मास्तरही व्यासपीठावर होते आणि तरीही चार महिन्यांनी ते आमच्या बाजूने उभे राहिले. आम्ही काय केलं? जागा सोडली नाही. मास्तरही उभे, आमचा पंजाही उभा, आणि खरी लढत झाली कमळ विरुद्ध एमआयएमचा पतंग. देवेंद्र कोठे आरामात निवडून आले.

या देवेंद्र कोठेंचे आजोबा विष्णुपंत कोठे. सोलापुरात शिंदेसाहेबांचं राजकारण ज्यांच्या खांद्यावर उभं होतं, ते विष्णुपंत. महापालिका कोण चालवतो असं विचारलं तर शहर एकच नाव घ्यायचं. त्या घराने एकेक करून आमचा उंबरठा सोडला. २०२४ ला काका महेश कोठे तुतारीवर शहर उत्तरमधून लढले आणि पडले, पुतण्या कमळावर मध्यमधून जिंकला. शिंदेसाहेबांच्या लेकीची जागा विष्णुपंतांच्या नातवाकडे गेली. वीस वर्षांपूर्वी हे कुणी पैजेवर सांगितलं असतं तर पेठेने त्याला वेड्यात काढलं असतं.

दक्षिणचा किस्सा तर त्याहून भारी. आघाडीचा अधिकृत उमेदवार होता ठाकरेंच्या शिवसेनेचा, अमर पाटील. मशालवाल्यांनी लोकसभेला आमच्यासाठी पायाला भिंगरी लावली होती. आणि २० नोव्हेंबरला, मतदान चालू असताना, शिंदेसाहेब आणि ताई यांनी जाहीर करून टाकलं की आमचा पाठिंबा अपक्ष धर्मराज काडादींना. काडादी सिद्धेश्वर कारखान्याचे. विमानतळासाठी म्हणून २०२३ च्या जूनमध्ये ज्या कारखान्याची चिमणी पाडली, तोच कारखाना. चिमणी गेल्याचा सल सभासदांच्या मनात आहे, मलाही तो कळतो. (चिमणी पडली, २०२४ च्या सप्टेंबरात विमानतळाचं उद्घाटनही झालं, विमान मात्र तेव्हा आलं नव्हतं.) पाठिंबाच द्यायचा होता तर अर्ज माघारीच्या दिवशी द्यायचा. मतदानाच्या दिवशी सकाळी मित्राचा हात सोडायचा, ही कुठली रीत? सुभाष देशमुख पाऊण लाखाहून जास्त मतांनी आले. काडादी नसते तरी ते आलेच असते म्हणा. पण आता पुढच्या वेळी मशालवाला आमच्यासाठी दारोदार कशाला फिरेल?

पंढरपुरात तर हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा. भगीरथ भालके पंजावर, अनिल सावंत तुतारीवर, दोघेही एकाच आघाडीचे. समाधान औताडे आठ-साडेआठ हजारांनी आले आणि सावंतांनी घेतलेली मतं त्यापेक्षा जास्त. जिल्ह्यात पंजाची एक तरी जागा यायची होती ती अशी गेली. याचा दोष कुठल्या बटणाला द्यायचा?

हे सगळं मी माझ्या समोरच्या दुकानदाराशी बोलत नाही. ते जुने कमळवाले, निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, “अण्णा, तोंड गोड करा, राग मशीनवर काढा.” पेढा खाल्ला. पण त्यांनाही एक विचारलं, ते इथेही विचारतो. २०१७ ला १०२ पैकी ४९ नगरसेवक घेऊन तुम्ही पहिल्यांदा महापालिकेत बसलात. वर सरकार तुमचं, शहरातले दोन्ही देशमुख मंत्री. मग ती पाच वर्षं त्या दोघांच्याच, म्हणजे मालक गट आणि बापू गट यांच्या, ओढाताणीत का गेली? उजनीत पाणी असताना शहराला ते चार-पाच दिवसांआड का यायचं? पाचव्यांदा आमदार झालेल्या मालकांना याचं उत्तर द्यायला आणखी किती मतं लागतील? ते हसले आणि गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून आत गेले.

त्याच महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून महापालिकेच्या इंद्रभुवनात प्रशासक बसला. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात, प्रभाग तीन नगरसेवकांचे की चारचे यावर सरकारं बदलली तसे निर्णय बदलले, आणि २०२४ संपत आलं तरी, पावणेतीन वर्षं, शहराला नगरसेवक नव्हता. ड्रेनेज तुंबलं तर पेठेतला माणूस कुणाकडे जायचा? ओळखीच्या माजी नगरसेवकाकडे, आणि तो म्हणायचा, आता आमचं कोण ऐकतं. मारकडवाडीत न झालेल्या मतदानासाठी आमचे नेते पुण्या-मुंबईहून धावत आले. सोलापुरात न झालेल्या मतदानासाठी एकानेही पार्क चौकात साधा मंडप टाकला नाही. सत्तेवाल्यांना प्रशासक सोयीचा होता हे समजू शकतं. आम्हाला तो कशाने सोयीचा झाला?

मला एक संशय आहे, तो बोलून टाकतो. तेव्हा निवडणूक लागली असती तर १०२ जागांवर उभे करायला आमच्याकडे माणसं नव्हती. २०१७ ला चौदा निवडून आले होते. त्यातले आज कोण कुठे आहेत हे बघायला बसलं तर निम्म्यांचे फलक दुसऱ्याच पक्षाच्या शुभेच्छांचे निघतील. शहर काँग्रेसच्या बैठकीत यंत्राच्या निषेधाचा ठराव पाच मिनिटांत व्हायचा. प्रभागवार नावं काढायची म्हटली की कुणाला तरी लग्नाला जायचं असायचं.