पत्त्यातील सरकती सीमा

मुंबईचे पत्र चंडीगढजवळील मुल्लानपूर येथे पोहोचावयाचे असेल, तर त्यावर १४०९०१ हा पिनकोड घालावा लागतो. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी योजिलेली ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. तिच्यातील पहिले तीन आकडे टपालाच्या वाटणीचा जिल्हा दाखवितात, उरलेले तीन टपाल कार्यालय. सीमा तिसऱ्या आकड्यानंतर कायमची आखलेली आहे. संगणकांच्या जाळ्यातील पत्त्यांची सीमाही एके काळी अशीच ठरीव होती. आज ती तशी नाही. तरीही विद्यार्थ्यांकडून ए, बी, सी ह्या जुन्या वर्गांचे कोष्टकच आधी पाठ करून घेतले जाते. हा क्रम उलटा आहे.

प्रचलित आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक. आरंभीचे बिट जाळे ओळखवितात, शेवटचे त्या जाळ्यातील यंत्र. १९८१ च्या योजनेत ही सीमा ८, १६ किंवा २४ बिटांनंतरच पडे. मुल्लानपूरला टाटा मेमोरियल सेंटरने उभारलेल्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. असे ३०० खाटांचे रुग्णालय त्या जुन्या काळी जाळ्यात आले असते आणि त्यास ९०० पत्ते लागले असते, अशी कल्पना करावी. सी वर्गाचे जाळे २५४ यंत्रांपुरते, बी वर्गाचे ६५,५३४ यंत्रांचे. नऊशेंच्या पंगतीसाठी पासष्ट हजार पाने मांडण्यासारखाच हा प्रकार! सी वर्गाची चार जाळी घ्यावीत, तर मार्ग दाखविणाऱ्या राउटरांच्या नोंदी चौपट होत.

१९९३ साली वर्गविरहित पद्धती आली आणि सीमा हवी तेथे सरकविता येऊ लागली. ती कोठे आहे, हे सबनेट मास्क सांगतो. जाळ्याच्या बिटांखाली एक, यंत्राच्या बिटांखाली शून्य, एवढीच त्याची घडण. २५५.२५५.२५२.० ह्या मास्कमध्ये २२ एक आहेत, म्हणून तो /२२ असाही लिहितात. उरलेल्या १० बिटांत १,०२४ पत्ते बसतात; पहिला जाळ्याचा व शेवटचा सर्वांस उद्देशून राखीव, म्हणून यंत्रांसाठी १,०२२. रुग्णालयाचे काम भागले, आणि नोंद एकच!

कोष्टक पाठ करणे सोपे, हे मान्य. परंतु १९२ ने आरंभ होणारा पत्ता दिसताच ‘सी वर्ग’ म्हणून मोकळा होणारा विद्यार्थी /२२ पुढे अडखळतो. इतिहास म्हणून वर्ग अवश्य सांगावेत, पण मागाहून. नव्या पद्धतीने पत्ते वाढले नाहीत, केवळ उधळपट्टी थांबली, हेही त्यास कळावे. जागतिक साठ्यातील अखेरचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. त्यापुढील १२८ बिटांच्या पत्त्यांतही सीमा अशीच तिरप्या रेषेने लिहितात.

शिक्षकांनी फळ्यावर १९२.१६८.४.०/२२ लिहावे आणि १९२.१६८.६.२० व १९२.१६८.८.१ ह्यांपैकी त्या जाळ्यातील कोणता, असे विचारावे. तिसऱ्या आकड्याचे पहिले सहा बिट ताडून पाहता सहा हा चारच्या घरात पडतो, आठ पडत नाही. कोष्टकात हे उत्तर सापडत नाही. ते बिट मांडूनच काढावे लागते.