सातवी गोळी

सिनेमातल्या बंदुकांचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात आणि दोन्ही पक्ष भलत्याच जागी भांडत बसतात. एकाचं म्हणणं असं की सिनेमा ही करमणूक. हीरोच्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सोळा गोळ्या सुटल्या तर बिघडलं काय? दुसरा पक्ष शौकिनांचा. पडद्यावरचं हत्यार ग्लॉक आहे की बेरेटा हे त्यांना लांबून ओळखता येतं, आणि कथेच्या काळानंतर तयार झालेली रायफल एखाद्या सिनेमात दिसली की त्यांचा तो सिनेमा संपलाच. पहिल्यांना खरेपणाची गरज वाटत नाही. दुसऱ्यांना खरेपणा म्हणजे फक्त मॉडेल आणि कॅलिबर वाटतं. हत्याराचं नाव बरोबर असून बंदुकीचं चित्रण साफ खोटं असू शकतं, असं माझं म्हणणं आहे. चित्रण खरं ठरतं दोन गोष्टींवर: गोळ्यांचा हिशेब राहतो का, आणि गोळी सुटल्यानंतर जे व्हायचं ते सिनेमा दाखवतो का.

पहिल्या पक्षाचा नेहमीचा युक्तिवाद असा की प्रेक्षक काही दूधखुळा नाही, खरं-खोटं त्याला कळतं. कळतं, पण कशातलं? पडद्यावरच्या शेतकऱ्याने तिफण उलटी धरली तर वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावचा प्रेक्षक खुर्चीतून हसेल, कारण तिफण त्याच्या हाताखालून गेलेली आहे. बंदुकीची गोष्ट तशी नाही. इथल्या सामान्य माणसाने प्रत्यक्ष पाहिलेल्या बंदुका म्हणजे बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावरची रायफल, बँकेच्या दारातली बारा बोअर आणि क्वचित कुणाच्या घरची परवान्याची ठासणीची बंदूक. बाकी सगळं ज्ञान पडद्यावरून आलेलं. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा आवाज कसा असतो, गोळी लागलेला माणूस कसा पडतो, हे पडताळून पाहायची सोय इथे कुणाकडे नाही, आणि नसलेलीच बरी. पण म्हणूनच तिथला खोटेपणा बिनविरोध निवडून येतो.

ज्यांच्याकडे बंदूक हे राखणीचं साधन होतं त्यांना मात्र तिची मर्यादा पाठ होती. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पिकाच्या राखणीसाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. सोयाबीन-तुरीत रोही आणि रानडुकरं शिरतात तिथे जागलीवरच्या माणसाला तो का आहे हे सांगावं लागत नाही. (वन्यजीव कायद्यामुळे जनावरावर नेम धरणं हा आता निराळाच मामला झाला आहे, हवेत बार काढून हुसकावणं एवढंच बहुधा हाती उरतं.) या बंदुकीत आधी नळीतून दारू ओतायची, चिंधीचा बोळा घालून गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. दारू सादळली असेल तर एवढं करूनही बार फुसका. एक बार काढला की पुढचा भरेपर्यंत रानडुकरांचा कळप धुरा ओलांडून पलीकडे. अशा माणसाला बंदूक म्हणजे एकच संधी. सिनेमातल्या बंदुकीला संधी मोजायची सवयच नाही. एके-४७ चं मॅगझिन ३० गोळ्यांचं आणि तिचा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांचा. म्हणजे चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत खेळ खलास. आपले नायक पार्श्वसंगीताचं एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत चाप सोडत नाहीत.

बाकीच्या थापा थोडक्यात आटोपतो. सायलेन्सरने पिस्तुलाचा आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने उतरतो. मुळातला आवाज १४० डेसिबलच्या वर, त्यामुळे उरतो तोही चांगला दणदणीतच. शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोप मोडू नये असा ‘फुस्स’ फक्त सिनेमात होतो. शिशाची किंवा तांब्याच्या आवरणाची गोळी लोखंडावर आपटून दिवाळीच्या ठिणग्या उडत नाहीत. आणि गोळी लागलेला माणूस काच फोडून मागे उडून पडतो, हे तर शाळेतल्या न्यूटनलाच खोटं पाडणं झालं. बारा बोअरमधून सुटणारे सुमारे ३० ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटरच्या वेगाने ६० किलोच्या माणसात घुसून तिथेच थांबले, तर त्याला मिळणारा धक्का सेकंदाला २० सेंटिमीटरचा. बसस्टँडवरच्या गर्दीत याहून जोराचा मिळतो. तो माणूस उडत असेल तर चाप ओढणाराही तितक्याच जोराने उलट्या दिशेला उडायला हवा.

यावर उत्तर येतं की असलं गणित मांडलं तर नाट्य मरतं. हा आक्षेप दिसायला वजनदार, पण आपल्याच सर्वांत लोकप्रिय सिनेमाने तो खोडून ठेवला आहे. १९७५ च्या ‘शोले’तला गब्बरचा पहिला प्रवेश आठवा. रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, समोर हात हलवत परत आलेले तीन साथीदार. तो तीन गोळ्या हवेत उडवतो, चक्र गरकन फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावून चाप ओढतो. तिन्ही वेळा नुसता खटका. सगळे हसतात, आणि मग तीन गोळ्यांत तिघे आडवे. आता हे चक्राच्या घरांत बसवून पाहा. उडवलेल्या तीन गोळ्यांची रिकामी घरं एकाला एक लागून आहेत, भरलेली तीनही तशीच. सलग तीन खटके रिकामे जायचे तर फिरवलेलं चक्र रिकाम्या घरांपैकी नेमक्या पहिल्यावरच थांबायला हवं. म्हणजे सहांत एक शक्यता. आणि ते तसं थांबलं असेल, तर पुढची तीन घरं भरलेली असणारच. गब्बरला हे कळत होतं की नाही देव जाणे, पण प्रसंग हिशेबाला चोख उतरतो. त्यातली भीतीही त्या हिशेबातूनच येते. त्याच्या हातात न संपणारं पिस्तूल दिलं असतं तर उरला असता फक्त आरडाओरडा. गोळ्या मर्यादित आहेत म्हणून नाट्य आहे. नाट्य मारतं ते सातव्या गोळीने.

आता शौकिनांकडे वळतो, कारण त्यांच्याशी माझं भांडण जास्त जवळचं आहे. त्यांच्या यादीत बहुधा अग्रभागी असणारा मायकेल मानचा ‘हीट’ (१९९५) त्या मानाला पात्र आहे. बँक लुटल्यानंतरच्या रस्त्यावरच्या चकमकीत त्याने स्टुडिओतले तयार आवाज न चिकटवता चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रित झालेले बार वापरले. इमारतींवर आपटून परतणारा तो आवाज अंगावर येतो, आणि पात्रांना मॅगझिन बदलायला थांबावं लागतं. ‘जॉन विक’चा (२०१४) मात्र मला तितका आदर नाही. कियानू रीव्हजने हत्यार हाताळण्याचं कसून प्रशिक्षण घेतलं, त्याचं मॅगझिन बदलणं बिनचूक आहे, हे मान्य. पण डझनावारी मुडदे पडूनही त्या जगात कुणाच्या कानात दडे बसत नाहीत, भलत्याच माणसाला गोळी लागत नाही, सकाळी कुणी पंचनाम्याला येत नाही. तिथे हात खरे आहेत, परिणाम खोटे.

याच पक्षातले काही जण एक पाऊल पुढे जाऊन म्हणतात की खरेपणा हवा तर सेटवर खरी हत्यारंच हवीत. याचं उत्तर दोन मृत्यूंनी दिलं आहे. मार्च १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली गेला: नकली काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलं होतं आणि नंतर उडवलेल्या कोऱ्या काडतुसाने ते बाहेर फेकलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर कॅमेरावुमन हलिना हचिन्स गेली, तिथे रिव्हॉल्व्हरमध्ये चक्क जिवंत काडतूस होतं. पडद्यावरची बंदूक रबराची असो की लाकडाची, तिचे परिणाम खरे असले म्हणजे झालं.

परिणाम म्हणजे काय, ते १९९८ च्या ‘सत्या’त पाहावं. चित्रपटगृहाची दारं पोलिसांनी अडवली आहेत, निसटायला वाट नाही. सत्या एक गोळी जमिनीकडे झाडतो. ती कुणालाही लागत नाही, आणि तरी चेंगराचेंगरीत माणसं मरतात. बंद जागेत एक बार काय करू शकतो हे हिंदी सिनेमाने इतक्या नेमकेपणाने क्वचितच सांगितलं असेल. सत्याचा साथीदार भिकू म्हात्रे याचा शेवटही तसाच: ना भाषण, ना आईचा फोटो, जल्लोष चालू असताना बेसावध डोक्यात गोळी आणि विषय संपला. आणि जिथे मरण इतकं झटपट येत नाही, तिथे तेही दाखवायला हवं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी ब्रिटिश अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, पण रँडचा जीव गेला ३ जुलैला, अकरा दिवसांनी. सिनेमाच्या घड्याळात हे अकरा दिवस बसत नाहीत. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा मराठी सिनेमा बंदूकप्रेमींच्या यादीत कधी दिसत नाही, कारण त्यात नेमबाजीची करामत नाही. पण पिस्तुलाआधीची तयारी आणि पिस्तुलानंतरची फितुरी, अटक, फाशी यांना त्यात जागा आहे, आणि माझ्या यादीत तो ‘जॉन विक’च्या बराच वर असेल.

‘असली रुक्ष यादी कोण बघणार, शौर्य दाखवायचं तर थोडी अतिशयोक्ती हवीच,’ असंही म्हणणारे आहेत. त्यांनी मुंबईवरच्या हल्ल्याची, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र पुन्हा वाचावी. दहशतवाद्यांकडे एके-४७ होत्या. मुंबई पोलिसांतल्या अनेकांच्या हाती थ्री-नॉट-थ्री, जिच्यात दर गोळीनंतर खटका मागे ओढून पुन्हा पुढे सारावा लागतो, तर कित्येकांकडे नुसती लाठी. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि सहकाऱ्यांना तो जिवंत सापडला. या शौर्याची उंची कळायची असेल तर आधी तीन सेकंदांत ३० गोळ्या म्हणजे काय ते प्रेक्षकाला ठाऊक हवं. हीरो पन्नास बंदुकांच्या वर्षावातून शर्टाला डाग न लागता चालत येतो, हे वर्षानुवर्षं पाहिलेल्या डोळ्यांना ओंबळेंनी नेमकं काय केलं ते मोजायला मापच उरत नाही. अतिशयोक्तीने शौर्य वाढत नाही, स्वस्त होतं.

शेवटचा आक्षेप गंभीर आहे: खरं दाखवलं तर पोरं त्यातूनच शिकतील. गावठी कट्टा कसा बनतो, कुठे मिळतो, हे दाखवायची गरज नाही, आणि मी ते मागतही नाही. पण पोरं आत्ता काय शिकत आहेत ते पाहा. कट्टा हातात धरून व्हिडिओ काढायचा आणि दोन दिवसांनी जिवंत काडतुसासह अटक झाल्याची बातमी व्हायची, हे आता नवलाचं राहिलेलं नाही. वरातीतल्या आणि मिरवणुकीतल्या गोळीबाराला शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवावे लागले, कारण हवेत झाडलेली गोळी हवेतच विरते असा समज पक्का बसला आहे. ती खाली येते, कुठे ते कुणाच्या हातात नसतं. पिस्तूल कमरेला खोचणं, मित्राकडे फेकणं, नळीने डोकं खाजवणं या पडद्यावरच्या लकबी. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर २०२४ ला नट गोविंदाला घरात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी चुकून पायात लागली. ही बेफिकिरी खऱ्या चित्रणातून येत नाही; येते ती खोट्यातून.

मग सिगारेटसारखी पडद्याच्या कोपऱ्यात इशाऱ्याची पट्टी लावा, असं कुणी सुचवेल. ती नको. पट्टी वाचायची नाही हे प्रेक्षक केव्हाच शिकला आहे, आणि दिग्दर्शकाला वरचे दहा बार ठोकायला आयता परवाना मिळतो. संकलनाच्या टेबलावर बसून गोळ्या मोजणं आणि जास्तीचे आवाज कापून टाकणं याला नव्या सेटचा खर्च येत नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं झालं की नायकाला आडोशाला बसवावं, खिशात काडतूस चाचपायला लावावं, कानात दडे बसले म्हणून साथीदाराची हाक दोनदा ऐकू येऊ नये. एवढ्यात प्रसंग पडला, तर दोष बंदुकीच्या खरेपणाचा नाही, पटकथेचा आहे.